एकशे बेचाळीस किलोंची कादंबरी

विद्यापीठात मी सत्तावीस वर्षं पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा सांभाळली आणि तिथली निम्मी काचेची भांडी माझ्याच हातून फुटली. म्हणून कापसाच्या वेचणीचा हंगाम आला की कुलगुरू मला शेतावर वजनकाट्याशी बसवायचे. काटा लोखंडाचा, फुटायची भीती नाही. शिवाय मी खोटं बोलण्यात पटाईत आहे अशी गावभर ख्याती होती, आणि सरकारी कापूस मोजायला असाच माणूस लागतो. आता मी म्हातारा झालो, दात गेले, ख्याती तेवढी शिल्लक आहे. तेव्हा पुढचं ऐकून कुणी "तुर्गुनअका", म्हणजे तुर्गुनदादा, "पुरे झालं" म्हटलं, तर माझी हरकत नाही. पण हे तेवढं घडलंय.

सप्टेंबर उजाडला की विद्यापीठाला कुलूप लागायचं. वर्गाच्या फळ्यावर अर्धं राहिलेलं समीकरण तसंच डिसेंबरपर्यंत वाट बघत बसायचं, आणि आम्ही सगळे बसमध्ये कोंबून खेड्यांवर. तिथल्या शाळेच्या खोल्यांत गवताच्या गाद्या, दोन वेळा मॅकरोनीचं पाणचट सूप, आणि माणशी रोजचे साठ किलो. मास्तरलोक एरवी बांधावर उभे राहून पोरांवर लक्ष ठेवायचे. पण ही गोष्ट घडली त्या वर्षी वरून फर्मान सुटलं, की शिकवणाऱ्यांनीही वेचायचं. देशप्रेम काय फक्त पोरांनीच दाखवायचं का, असा त्यात सवाल होता.

झालं. शोनियोझ दोमलांनी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कमरेला ओटी बांधली.

शिकवणाऱ्याला आमच्याकडे दोमला म्हणतात, आणि साहित्य शिकवणारे हे दोमला म्हणजे अगदी निरुपद्रवी गृहस्थ. समोर कागद आला की सही करायचे, वाचत बसायचे नाहीत. एकदा खाणावळीच्या आठवड्याच्या यादीवर सही केली, एकदा एका धडधाकट माणसाच्या शोकपत्रावर. तो माणूस भेटायला आला तेव्हा दोमलांनी त्याचीच क्षमा मागून त्याला चहा पाजला. कुणाला 'नाही' म्हटल्याचं मी तरी तोवर ऐकलं नव्हतं.

कापूस मात्र त्यांना जमेना. बोंडाशी वाकायचे, कापूस हलकेच सोडवायचे, त्याला चिकटलेलं पान काढायचे, फुंकर मारायचे आणि मग लहान मुलाला झोपवावं तसं ओटीत ठेवायचे. असा दिवसभर खपून त्यांचा आकडा सात किलो, आणि त्यातलं किलोभर तर दव. संध्याकाळी शाळेच्या अंगणात सभा व्हायची. कुलगुरू सगळ्यांचे आकडे वाचायचे आणि तळाच्या पाचजणांना पुढे उभं करायचे. तीन संध्याकाळी दोमला हातात टोपी धरून उभे राहिले. त्यांचीच पोरं समोर बसून जमिनीतले खडे मोजत होती.

चौथ्या दिवशी दुपारी पाटाच्या कडेला तुतीखाली बसून दोमला एका करड्या वहीत काही लिहीत होते. तिसऱ्या वर्षाची सनोबर तिथं आली. ही कापूसवाल्याच गावची लेक. दोन्ही हातांनी अशी वेचायची, की कोंबडीनं दाणे टिपताना हिच्याकडून शिकावं. जीभही तितकीच चालायची.

"दोमला, आमच्याविषयी लिहिताय?"

"नाही गं पोरी. यातलं काहीच कुणाच्या ओळखीचं नाही."

"मग आमच्याविषयीच आहे. वाचा."

दोमलांनी वही मिटली. अशी वही सापडली तर लोक नोकरी घालवून बसतात, आणि पुढचंही बरंच काही घालवून बसतात, हे तिलाही ठाऊक होतं. ती म्हणाली, तुम्ही वाचलं नाहीत तर आम्ही मनानेच काहीतरी रचू, आणि आमचं रचलेलं तुमच्याहून भयंकर असेल. आणि फुकट नको. वाचून झालं की ऐकणाऱ्या प्रत्येकानं आपल्या ओटीतला थोडा कापूस दोमलांच्या ओटीत टाकायचा. संध्याकाळी पुढे उभं राहायची वेळ येणार नाही.

दोमलांना 'नाही' म्हणता येत नव्हतं, ते मी सांगितलंच.

ती होती कादंबरी. अशाच एका विद्यापीठाची. त्यात एक डीन असतो, साधाभोळा, घाबरट. एके दिवशी त्याच्या तासाला एक विद्यार्थिनी उठते आणि विचारते, "दोमला, पुस्तकात आहे ते कळलं. पण तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" एवढाच प्रश्न. वर्गात इतकी शांतता होते, की खिडकीतली माशी बाहेर निघून जाते. आता असा प्रश्न विचारला गेल्याचा अहवाल डीनला वर पाठवायचा आहे. पण प्रश्न अहवालात लिहिला, तर तो परत विचारल्यासारखा होतो. आणि दुसरी अडचण मोठी. डीन घरी येतो, बूट काढतो, आणि त्याच्या ध्यानात येतं, की आपल्याला स्वतःला काय वाटतं ते आपल्याला खरंच माहीत नाही.

पहिल्या दिवशी अकराजण ऐकायला होते. दुसऱ्या दिवशी तीस. मग अख्खा वर्ग आपापली ओळ सोडून दोमलांच्या आजूबाजूच्या ओळींत सरकला. दोमला मध्ये चालत वाचायचे, पोरं दोन्ही बाजूंनी वेचत चालायची, आणि हात थांबले तर वाचन थांबायचं, असा सनोबरनं कायदा केला होता. त्यामुळे कधी नव्हे इतका कापूस निघू लागला. त्यांच्या पुढे शेत पांढरं असायचं आणि मागे काळं. शेतमालकाचं गाढव डीनच्या बायकोच्या प्रकरणापासून जे कान टवकारून उभं राहिलं, ते संध्याकाळी चौघांनी ओढून न्यावं लागलं. बोंडं ऐकण्यासाठी आठवडाभर आधी उमलली असं मी पूर्वी सांगायचो. ते मात्र मागे घेतो, तीन दिवस आधी उमलली.

मीही काटा बांधावर टांगून ऐकायचो. त्या कादंबरीत वसतिगृहाची एक राखणदारीण होती, पोरी रात्री मोजायची आणि एक जास्तच भरायची. प्रयोगशाळेतला एक इसमही होता, भांडी फोडून वर उंदरांवर आळ घेणारा. पोरं माझ्याकडे बघून हसली. मी म्हटलं, आमच्याकडे मांजर फोडायचं. पण त्या इसमाविषयी लिहिताना दोमलांच्या हाताला राग कुठेच लागला नव्हता. कुणाविषयीच नव्हता. त्यामुळेच ऐकवत नव्हतं आणि सोडवतही नव्हतं.

आता चूक कुठं झाली ते सांगतो, कारण ती माझी आहे.

प्रत्येकानं थोडा कापूस द्यायचा असं ठरलं होतं. पण ज्या दिवशी डीन विद्यार्थिनीच्या खेड्यावर जाऊन तिच्या आईसमोर बसतो आणि अहवालाऐवजी तिनं वाढलेला भात मुकाट्याने खातो, ते प्रकरण दोमलांनी वाचलं, त्या दिवशी पोरांचा हात सैल सुटला. ओंजळीच्या ओंजळी पडल्या. संध्याकाळी दोमलांची पोती काट्याला लावली. एकशे बेचाळीस.

साठ लिहिता आलं असतं. पन्नासही चाललं असतं. रोज कुणाचे पाच कमी, कुणाचे दहा जास्त करायला माझा हात सरावलेला होता. पण तो आकडा मला इतका देखणा वाटला, की मी आहे तसा लिहून टाकला. वजनाच्या वहीतली माझी तेवढीच एक खरी नोंद.

सभेत कुलगुरूंनी आकडा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. विद्यापीठात एवढा आकडा कुणाचाच नव्हता. दुसऱ्या दिवशी तो आकडा जिल्ह्याला कळला, तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दोमलांचा फोटो आला, आणि चौथ्या दिवशी निरोप आला, की प्रांताचे हाकीम, म्हणजे प्रांताचे सर्वेसर्वा, मिर्वलीसाहेब स्वतः येत आहेत. साठीकडे झुकलेला साहित्याचा प्राध्यापक एकशे बेचाळीस किलो वेचतो, त्याची पद्धत त्यांना बघायची आहे. सोबत टीव्हीवाले.

दोमला कुलगुरूंना सांगायला गेले की हे माझं नव्हे. कुलगुरूंनी त्यांच्या खांद्यावर हात टाकून म्हटलं, की मोठी माणसं अशीच नम्र असतात, आणि त्यांना छातीला लावायला एक फीत दिली. मग ते माझ्याकडे आले.

"तुर्गुन," ते म्हणाले, "आयुष्यभर खोटं लिहिलंस. त्या दिवशीच काय झालं होतं तुला?"

त्यांना आता कापूस वेचता आला नाही, तर पहिला प्रश्न येणार की एवढा कापूस आला कुठून. दुसऱ्या प्रश्नाला पोरांपैकी कुणीतरी रडणार. तिसऱ्या प्रश्नाला वही. मी म्हटलं, दोमला, वही जाळा आणि मी वजनात लबाडी केली असं सांगा, मला सगळे ओळखतात. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी नापास व्हायची परवानगी मागतोय.

"पोरांना शेवट ऐकायचाय," ते म्हणाले. आणि वही कोटाच्या आत सरकवून शेताकडे गेले.

हाकीम आले दुपारी. गाड्या सात. बांधावर गालिचा अंथरला होता, त्यावर कापलेली खरबुजं. मिर्वलीसाहेब म्हणजे दांडगा माणूस. आवाज असा, की लांबून बोलले तरी आपण उभे राहायचो. ते आले, दोमलांशी हात मिळवला आणि म्हणाले, दाखवा.

दोमला ओळीत शिरले. कॅमेरा मागे. एक बोंड. पान काढलं. फुंकर. ओटी. दुसरं बोंड. पान. फुंकर. वीस मिनिटांत त्यांच्या ओटीत उशीच्या एका कोपऱ्यात मावेल इतका कापूस जमला. कुलगुरूंचा चेहरा उकडलेल्या सलगमासारखा झाला होता. पोरं शेजारच्या ओळींत उभी होती आणि एकही हात हलत नव्हता.

"हीच ती पद्धत?" हाकीम म्हणाले.

दोमला सरळ उभे राहिले. "नाही साहेब. मला वेचता येत नाही. मी यांना गोष्ट वाचून दाखवतो, आणि ही पोरं वेचतात. कापूस त्यांचा आहे."

आमचे कुलगुरू तेवढ्यात भानावर आले. एवढ्या वर्षांत त्यांनी काही कमावलं असेल तर ते हेच. ते पुढे झाले आणि सांगू लागले, की ही सांस्कृतिक जागृती आहे, कामगारांच्या मनोबलासाठी शेतात वाचन, विद्यापीठाचा नवा प्रयोग, खास साहेबांसाठीच गुप्त ठेवला होता. टीव्हीवाल्यानं मान डोलावली. हाकीम खरबुजाची फोड हातात घेऊन गालिच्याच्या कडेला टेकले आणि म्हणाले, "वाचा मग."

दोमलांनी वही काढली. मी काट्याशी होतो, तिथून मला पानं दिसत होती. नवरोजच्या सणाचं एक प्रकरण त्यात होतं. कढईत गव्हाची खीर शिजतेय, बाया गाताहेत, कुणाच्या बापाला खटकणार नाही असं. दोमलांचं बोट त्या पानावर थांबलं. शेजारच्या ओळीत सनोबर उभी होती. तिनं हात मागे घेतले आणि पाठीशी बांधले. दोमलांनी पान उलटलं.

आणि त्यांनी डीनच्या अर्जाचं प्रकरण वाचायला घेतलं.

आमच्याकडे खुर्चीवर बसण्याआधीच उठण्याच्या अर्जावर सही घेतात. 'प्रकृतीच्या कारणास्तव स्वखुशीने पद सोडत आहे.' खाली सही, तारखेची जागा कोरी. कागद वरच्या साहेबाच्या तिजोरीत जातो आणि तिथं माणसाची वाट बघत पडून राहतो. कादंबरीतल्या डीनचाही होता. त्यामुळे कुणी कुठलाही खण उघडला की डीनला वाटायचं, आपला कागद निघाला. साहेबांनी पेनासाठी खण उघडला की याच्या हाताला घाम. घरी बायकोनं चमच्यासाठी खण ओढला आणि हा जेवता जेवता उठून उभा राहिला, टोपी शोधू लागला. बायको म्हणाली, बसा, सूपच वाढतेय.

हाकीम इथं नाकातून हसले. सगळे हसले, म्हणजे त्यांच्यानंतर. पुढे त्यांचं हसू थांबलं. खरबुजाची फोड खाली ठेवून ते उठले आणि दोमलांचा आवाज नीट यावा म्हणून ओळीत शिरले. दोमला चालत वाचत होते, हे त्यांच्या बाजूनं चालू लागले. आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, की साहेबांचे हात आपोआप खाली गेले. लहानपणी त्यांनी वेचलेला असणार, आमच्यात कुणी नाही वेचला? दोन्ही हात, सनोबरसारखे, न बघता. कापूस ठेवायला काही नव्हतं, तो कोटाच्या खिशात जाऊ लागला. मग साहेब वेचताहेत म्हटल्यावर पोलिसप्रमुख वाकला. कुलगुरू वाकले. सातही ड्रायव्हर. शेवटी टीव्हीवाल्यानं कॅमेरा बांधावर ठेवला आणि तोही लागला, त्यामुळे या सगळ्याचं चित्रण नाही आणि तुम्हाला माझ्यावरच विश्वास ठेवावा लागेल.

शेताचं टोक आलं, प्रकरण संपलं. साहेबांचे खिसे, बाह्या, टोपी, सगळं भरलेलं. ते पाटाशी उभे राहिले.

"त्याचा अर्ज निघतो का शेवटी?"

"शेवट अजून लिहिलेला नाही, साहेब."

"मग नका काढू. तुमच्याच हातात आहे ना?" एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण हे हळू बोलला. "गरीब माणूस आहे हो तो."

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. नोकरी शाबूत, वही शाबूत, वर घरी पोचवायला गाडी. मी मनातल्या मनात दोमलांच्या वतीनं सही करून टाकली. आयुष्यभर ज्यांनी खाणावळीच्या यादीपासून शोकपत्रापर्यंत सगळ्यावर सही केली, ते आता मागेपुढे कशाला बघतील?

दोमलांनी टोपी काढली. "गरीब आहे म्हणूनच त्याला फसवता यायचं नाही, साहेब. काय होईल ते लिहिताना कळेल. आधी वचन देता येणार नाही."

पोलिसप्रमुख आपले बूट बघू लागला. मिर्वलीसाहेबांनी एकेक खिसा उलटा करून सगळा कापूस दोमलांच्या ओटीत रिकामा केला आणि गाडीत जाऊन बसले.

दहा दिवस आम्ही दोमलांना धरून नेणारी काळी गाडी येण्याची वाट बघितली. सनोबरनं वहीची पानं सुटी करून पोरींमध्ये वाटली, प्रत्येकीनं आपापल्या पानाची नक्कल केली. ती कादंबरी आजवर कुणी छापलेली नाही, पण आमच्या खोऱ्यात निम्म्या घरांत तिचं एखादं प्रकरण तरी लोणच्याच्या बरणीमागे सापडेल. गाडी आलीच नाही. आला तो आदेश. 'शेतातील वाचनाची पद्धत' संपूर्ण प्रांतात लागू. मजकूर मात्र ठरवून दिलेला. प्रत्येक शेतात एकेक अधिकारी उभा राहून भाषणं वाचू लागला. आठवड्यात कापूस निम्म्यावर आला. पलीकडच्या तालुक्यात तर वेचणारे उभ्याउभ्याच झोपले आणि त्यांच्याबरोबर वाचणाराही, असं मला त्यानंच सांगितलं. शेवटी पद्धत मागे घेतली. दोमलांचं नाव काही कुठे निघालं नाही. कुणीतरी ते निघू दिलं नाही, एवढंच आम्हाला समजलं.

वसंतात बातम्यांत ऐकलं, की हाकीम मिर्वली यांनी प्रकृतीच्या कारणास्तव स्वखुशीने पद सोडलं. खरबुजांच्या बियांच्या बातमीनंतर ती आली आणि संपलीसुद्धा.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी दोमलांकडे बुद्धिबळ खेळत होतो. हरत होतो, म्हणून त्यांचा एक उंट माझ्या बाहीत होता. दार वाजलं. बाहेर मिर्वलीसाहेब. गाडी नाही, पायांवर धूळ, शेअरच्या व्हॅननं आलेले, हातात पत्र्याच्या डब्यात पांढरी तुती. इतके लहान दिसत होते, की मला आधी वाटलं त्यांचा धाकटा भाऊ आलाय.

"दोमला," ते म्हणाले, "लिहून झालं असेल तर ऐकायला आलोय. नसेल तर डबा ठेवून जातो."

दोमलांनी त्यांना अंगणातल्या चौकीवर बसवलं, स्वतःच्या हातानं चहा ओतला आणि वही आणली. शेवट लिहून झाला होता. अर्ज निघतो. साहेब ओरडतो, टेबलावर मूठ आपटतो, दारं धडाधड लागतात, व्हरांड्यात लोक जमतात, आणि डीन त्या गर्दीतून मान ताठ ठेवून चालत जातो. चांगलं लिहिलं होतं. मला तर गहिवरून आलं.

मिर्वलीसाहेबांनी ऐकलं. चहाचा कटोरा हातात फिरवत बसले.

"असं नसतं ते," ते म्हणाले. "कुणी ओरडत नाही. ओरडलं तर बरं वाटेल. त्या दिवशी फोन वाजत नाही, बस. दुपारपर्यंत नाही वाजत. तुम्हाला वाटतं बिघडला, म्हणून उचलून बघता. चांगला असतो."

दोमलांनी पेनाचं टोपण काढलं. त्यांचं जेवण केव्हाच वाढून झालं होतं, आतून वहिनी हाका मारत होत्या, पुलाव गार होतोय म्हणून. त्यांनी ऐकलंच नाही. तीन पानं उभी-आडवी खोडली, वही गुडघ्यावर घेतली आणि मिर्वलीसाहेबांच्या आणखी जवळ सरकले.

"सावकाश सांगा," ते म्हणाले. "उचललात, चांगला निघाला. मग लगेच खाली ठेवलात, की कानाशी धरून बसलात?"

"बसलो," मिर्वलीसाहेब म्हणाले. "बराच वेळ बसलो. त्यात घूं घूं वाजत होतं, तेवढीच सोबत."